साळवीचं ओके

वालीवच्या त्या कारखान्यात श्रीरंग साळवीबद्दल चांगलं बोलणारा माणूस हुडकूनच काढावा लागला असता. तपासनिसाबद्दल कुठेच कोणी चांगलं बोलत नाही. दुसऱ्याने घाम गाळून केलेलं काम हातात घ्यायचं, त्याला मायक्रोमीटर लावायचा आणि तोंड वाकडं करून बाजूला ठेवायचं, असल्या माणसाला डबा खायला शेजारी कोण बसवणार? श्रीरंगला त्याचं काही वाटत नसे. तो मूळचा गुहागरकडचा. बोलणं तिरकं, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि सही करायच्या बाबतीत तर पक्का कंजूष.

आणि तिथे सहीलाच किंमत होती. कारखान्यात माल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाताना त्याच्याबरोबर एक पिवळं कार्ड फिरतं. त्याला रूट कार्ड म्हणतात. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे त्यावर ओळीने लिहिलेलं असतं. आकडे दहा, वीस, तीस असे टाकतात, म्हणजे मधलं एखादं काम राहिलं असेल तर ते पंधरा म्हणून घुसवता येतं. काम झालं की डावीकडे कारागिराची सही, आणि माल तपासला की उजवीकडे तपासनिसाचं ‘ओके’. ते पडल्याशिवाय माल जागचा हलत नाही. एकतीस वर्षांत श्रीरंगने न मोजता एकदाही ओके लिहिलं नव्हतं. मालक स्वतः डोक्यावर येऊन उभा राहिला तरी हा आधी सावकाश चष्मा पुसायचा.

कामणचा शत्रुघ्न भोईर त्याला पहिल्यांदा भेटला तो भांडायलाच. भोईर लेथ मशीनवर काम करायचा. त्याच्या दोनशे पितळी बुशांचा, म्हणजे छोट्या नळ्यांचा, अख्खा ट्रे श्रीरंगने परत पाठवला होता, दोन शतांश मिलिमीटर जास्त म्हणून. भोईर सहा फुटी, शेतात राबलेला, आवाज असा की शेजारच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. श्रीरंगने मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला. भोईरने सात बुश मोजले, ट्रे उचलला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोनशेच्या दोनशे बुश पुन्हा घासून घेऊन आला. नियमाप्रमाणे दहा तपासले असते तरी चाललं असतं. श्रीरंगने दोनशे तपासले, दीड तास लागला, आणि मग ओके लिहिलं. भोईर सगळा वेळ समोर उभा होता.

“तुजी सही म्हनजे सही हाय, साळवी,” तो म्हणाला. “आपन डोले मिटून पुढं जाऊ शकतो.”

त्या दिवसापासून ते एकत्र डबा खायला लागले.

टूरचं खूळ भोईरचं. त्याच्याकडे जुनी येझदी होती, जिवापाड जपलेली. एकदा डबा खाता खाता तो म्हणाला, आपलं घर खाडीच्या काठी, जन्मभर खाडी बघितली, तिचं पुढे काय होतं ते बघायला पाहिजे. किनाऱ्या-किनाऱ्याने खाली जायचं, पार मालवणपर्यंत. आंबोलीच्या घाटाने वर चढायचं आणि डोंगराडोंगरांतून परत यायचं. मोटारसायकलवर, दोघांनीच. श्रीरंगला मोटारसायकल येत नव्हती, त्याची झेप स्कूटरपर्यंत. म्हणून भोईर चालवणार आणि साळवी मागे कागद सांभाळत बसणार असं ठरलं. त्याच दुपारी त्यांनी एक कोरं रूट कार्ड घेतलं आणि वर जिथे मालाचं नाव लिहितात तिथे लिहिलं: टूर.

मग सव्वीस वर्षं ती टूर निघाली नाही. एका वर्षी भोईरच्या बायकोचं, जिजावहिनींचं, ऑपरेशन झालं, एका वर्षी श्रीरंगने वसई पूर्वेला फ्लॅट घेतला, मग त्याच्या मुलीची, स्वप्नाची, दहावी, बारावी, भोईरच्या मुलीचं, दिपिकाचं, लग्न, मग सगळ्या जगाला घरात कोंडणारी ती साथ. दर वर्षी दिवाळीनंतर नवं कार्ड निघायचं आणि शिमग्यापर्यंत ड्रॉवरमध्ये जायचं. दोघांच्या बायका त्यावरून हसायच्या. श्रीरंगची मनोरमा म्हणायची, तुमच्या त्या कार्डाचीच एकदा मोटारसायकलवरून वरात काढा.

दोघं दोन महिन्यांच्या अंतराने रिटायर झाले. आता निघू, असं म्हणेपर्यंत गेल्या वर्षी गणपतीत भोईरच्या पायांना सूज आली. चप्पल चढेना. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या आहेत.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. भोईरचा मुलगा विकी कामणच्याच एका गोदामात कामाला, त्याला सारखी रजा कोण देणार? श्रीरंग रिकामाच होता. तो भल्या सकाळी स्कूटर काढून कामणला जायचा, भोईरला मागे बसवायचा आणि वसईच्या सेंटरवर आणायचा. आयुष्यभर जो या स्कूटरला शिलाई मशीन म्हणून चिडवत आला, तो आता तिच्यावर मुकाट मागे बसायचा. पहिल्या दिवशी श्रीरंगला त्याच्या हाताचं वजन खांद्यावर जाणवलं, आणि ते फार कमी होतं. रस्ताभर तो खड्डे चुकवत स्कूटर हळू चालवत राहिला.

पाणी दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी. जिजावहिनींनी घरातले मोठे पेले माळ्यावर टाकून दिले. त्याला अर्धा कप चहा मिळायचा म्हणून त्याच्यासमोर घरातलं कोणीच अर्ध्या कपाहून जास्त चहा घेत नसे. पाहुण्यालाही तेवढाच. येणारे-जाणारे काय समजायचे ते समजोत. श्रीरंगही वर्षभर त्या घरात अर्धाच कप चहा प्यायला.

मशीनवर चार तास पडून राहायचं म्हणजे माणूस छताकडे बघून वेडा होतो. एका गुरुवारी भोईरने उशाखालून पिवळं कार्ड काढलं. कारखाना सोडताना त्याने एक अख्खं पॅड उचलून आणलं होतं.

“लिही, साळवी. या टायमाला जायचंच.”

श्रीरंगने त्याच्याकडे बघितलं. डाव्या हातात दोन सुया, त्यातून रक्त बाहेर जातंय, परत येतंय. “आणि हे?” तो म्हणाला.

“ते काय फक्त वसईतच करतात? अलिबागला हाय, चिपळूनला हाय, रत्नागिरीला हाय. इचारलंय मी इथल्या पोरींना.” भोईर हसला. “टूर आपन त्याच्या वारानं लावू. जिथं मशीन तिथं मुक्काम.”

आणि खरंच तशी ती लागत गेली. दहा नंबरला शुक्रवारी सकाळी वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून रो-रोने भाईंदर, तिथून भाऊचा धक्का, परत बोट, मांडवा, अलिबाग. मोटारसायकलची टूर आणि पहिला अर्धा दिवस बोटीवर, यावर दोघं एवढे हसले की मशीनचा अलार्म वाजला. शनिवारी अलिबागला डायलिसिस. वीस नंबरला मुरूड, आगरदांड्याची फेरीबोट, श्रीवर्धन. मंगळवारी चिपळूण, गुरुवारी रत्नागिरी, शनिवारी कुडाळ. मग आंबोली. घाट चढून कोल्हापूर, सातारा, आणि पंधराव्या दिवशी घरी. समुद्राकाठाने जायचं आणि शहाळ्याला हात लावायचा नाही, कारण पेशंटला शहाळं विषासारखं. भोईर म्हणाला, आपन निस्तं हलवून बघू, पानी किती हाय ते, आनि परत ठेवू.

सुया टोचायच्या त्या डाव्या हातावर जोर पडून चालणार नव्हता, आणि क्लच डाव्याच हाताला. तर या माणसाने जुन्या ओळखीच्या गाळ्यात बसून क्लचचा लांब दांडा स्वतः करून आणला. दोन बोटांनी दाबला की क्लच सुटत होता. तो त्याने पलंगावर श्रीरंगच्या हातात दिला आणि वाट बघत राहिला. श्रीरंगने घरून व्हर्नियर आणला, मापं घेतली, आणि पाच नंबरच्या ओळीत ओके लिहिलं. भोईरचा चेहरा असा झाला की श्रीरंगला उठून खिडकीपाशी जावं लागलं.

नवरात्रात डॉक्टरांनी जिजावहिनींना आणि विकीला आत बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा वहिनी भिंतीला धरून चालत होत्या. श्रीरंगला त्यांनी जिन्याखाली गाठलं.

“हार्टपन गेलंय म्हनतात, भावजी. तीस टक्के चालतंय. गाडी चालवली तर रस्त्यातच…” त्यांनी पदर तोंडाला लावला. “त्याला नाय म्हनू नका. तो त्या कार्डावरच जगतोय. पन त्याला जाऊ बी देऊ नका. एवढं माझ्यासाठी करा.”

“बरं, वहिनी,” श्रीरंग म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

पुढच्याच आठवड्यात भोईरने सहा सेंटरांचे फोन नंबर त्याच्याकडे दिले. त्याने स्वतः ते गोळा केले होते, एकेकाला विचारून. “तू बोल. माझं बोलनं गावठी. जागा हाय काय इचार, काय कागद पायजे ते इचार. नि मग ओके मार.”

श्रीरंगने त्या रात्री नंबरांचा कागद टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बघत बसला. सहा फोन, फार तर अर्धा तास. पण त्याने मनाशी असा हिशेब लावला, की जायचंच नाही तर विचारायचं कशाला? उद्या कोणी नाही म्हटलं तर भोईर खचणार, आणि हो म्हटलं तर निघायचा हट्ट धरणार. दोन्हीकडून पंचाईत. हिशेब चोख होता. आयुष्यभर तो दुसऱ्यांचे असे चोख हिशेब ऐकत आला होता, की साहेब, हा भाग आतच बसणार आहे, दिसणार कोणाला, मापून काय करता. तेव्हा तो फक्त चष्मा पुसायचा.

मंगळवारी त्याने पलंगाशेजारी बसून सहा ओळींसमोर सहा वेळा ओके लिहिलं आणि सह्या केल्या. हात जरासुद्धा हलला नाही, याची त्याला नंतर फार लाज वाटली.

“सगले हो म्हनाले?”

“सगळे.”

भोईरने कार्ड घेतलं, प्रत्येक सहीवरून बोट फिरवलं आणि छातीवर ठेवून झोपी गेला. वर्षभरात मशीनवर त्याला पहिल्यांदाच झोप लागली होती. नर्स मुद्दाम येऊन बघून गेली. श्रीरंगला वाटलं, आपण बरोबर केलं.

दिवाळी झाली. निघायचा दिवस चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. आदल्या दिवशी गुरुवारी भोईर मशीनवर होता, बॅग भरून झाल्याचं सांगत होता. श्रीरंगने ठरवून आणलेलं बोलून टाकलं. “समुद्राला उधाण आहे म्हणतात. बोटी बंद राहतील. आठवडाभर थांबू या.”

भोईरने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “बरं,” तो म्हणाला. “मग अलिबागवाल्यांना फोन करून टाक. पुढच्या शनिवारी येतो म्हनून. नायतर त्यांची जागा फुकट जायची.”

“करतो.”

“आजच कर.”

“केला समज.”

पुढच्या गुरुवारी श्रीरंगने टायरचं कारण काढलं. टायर बदलून घेऊ, घाटात धोका नको. भोईर म्हणाला, टायर तर दिवाळीतच बदलले, तू होतास की बरोबर. श्रीरंग कार्डाची दुमडलेली कड सरळ करत बसला. तेव्हा भोईरनेच त्याला सोडवलं. “बरं, लिही सात नंबरला. टायर परत तपासने.” मग म्हणाला, “अलिबागला लाव फोन. एक फोन लाव, साळवी. बाकीचं राहू दे.”

“लावतो,” श्रीरंग म्हणाला, आणि लावला नाही.

तिसऱ्या गुरुवारी मनोरमाला ताप आला. म्हणजे आला असं श्रीरंगने सांगितलं. ती बिचारी त्या वेळी घरात लाडू वळत होती, भोईरकडे द्यायला. भोईरने तिची चौकशी केली, काढा सांगितला, आणि मग परत तेच विचारलं, अलिबागला कळवलंस काय? कळवलं, असं ऐकल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. रागावला नाही. रागावला असता तर श्रीरंगला बरं वाटलं असतं. त्या ट्रेच्या वेळी सगळा कारखाना डोक्यावर घेणारा तो माणूस, आता इतका समजूतदार का झाला आहे हे त्याला कळेना. आजाराने माणूस मऊ होतो, असं त्याने स्वतःला समजावलं.

दोन डिसेंबरला, मंगळवारी, सुया टोचून झाल्यावर भोईर म्हणाला, “लावलास काय फोन?”

“कुठे?”

“कुठं नाय,” तो म्हणाला आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून नुसती मान फिरवली.

तिसऱ्या तासाला त्याचं ब्लडप्रेशर खाली गेलं आणि वर आलंच नाही. नर्सनी धावाधाव केली, जवळच्या हॉस्पिटलात हलवलं. विकी पोहोचला, वहिनी पोहोचल्या. दुपारी चारच्या सुमाराला सगळं संपलं. श्रीरंगच्या हातात भोईरची चप्पल होती. सेंटरमध्ये पलंगाखाली राहिली होती ती त्याने उचलून आणली होती, पायात घालायला लागेल म्हणून. ती घेऊन तो हॉस्पिटलच्या दारात उभा राहिला, आणि कोणाकडे द्यावी हे त्याला सुचेना.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी वहिनींनी बोलावणं पाठवलं. श्रीरंग स्कूटरवरून कामणला गेला. मागची सीट रिकामी होती, तरी खड्डा आला की तो सवयीने हळू करत होता. ओट्याच्या कडेला येझदी उभी होती, क्लचला तो लांब दांडा तसाच. वहिनींनी त्याला ओट्यावर बसवलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं पिवळं कार्ड आणून दिलं.

“त्याच्या उशाखाली होतं. ते तुमचं. त्याच्यामागं कसला तरी नंबर हाय, त्यानं लिवलेला. विकी म्हनला, फेकू नको, साळवी काकांना इचार. बघा तरी कोनाचा. मी च्या ठेवते.”

श्रीरंगने कार्ड उलटवलं. मागे भोईरच्या जाड अक्षरात लिहिलं होतं: अलिबाग, कार्मिन. खाली मोबाइल नंबर. आणि त्याखाली तीन तारखा, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. प्रत्येकीपुढे एक फुली.

तीन शुक्रवार. भोईरने दिलेल्या यादीत अलिबागचा नंबर सेंटरचा होता, हा वेगळा होता. श्रीरंगने फोन लावला.

“हां, बोला,” पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

“मी वसईहून साळवी बोलतोय. माझे मित्र शत्रुघ्न भोईर…”

“साळवी काका!” ती हसली. “अहो, किती वाट बघायला लावलीत! मी कार्मिन, डायलिसिस टेक्निशियन. मी पण वसईचीच, गिरीजची. म्हणून तर आजोबांनी माझा नंबर मागून घेतला. कधी आणताय त्यांना?”

ती बोलत राहिली.

“ऑक्टोबरमध्ये त्यांचा पहिला फोन आला ना, मशीनजवळून समुद्र दिसतो का विचारायला. म्हटलं दिसत नाही, पण गच्चीत गेलं की दिसतो. म्हणाले, माझं बुकिंग आहे शनिवारचं. मी रजिस्टर बघितलं, तर नावच नाही. म्हटलं आजोबा, तुमच्यासाठी कोणाचाच फोन आलेला नाही. तर गप्पच झाले. मग म्हणाले, असू दे, तू आता लिही. मी सगळे रिपोर्ट मागवले, त्यांनी मुलाच्या फोनवरून पाठवले. आमच्या डॉक्टरांनी बघितले. बाइक चालवायची नाही म्हणाले, पण बोटीने सावकाश या, दोन दिवस राहा, डायलिसिस करून परत जा, एवढ्याला हरकत नाही. आजोबा काय खूश! म्हणाले, मग मी साळवीच्या स्कूटरवर मागं बसून येतो. अलिबागपर्यंत तर अलिबागपर्यंत.”

“मग?” श्रीरंग म्हणाला.

“मग काय, त्यांचा एकच हट्ट. साळवीचा फोन आल्याशिवाय पक्कं धरू नको. मी म्हटलं, जागा आहे, डॉक्टर हो म्हणाले, आता कशाला थांबायचं? तर म्हणाले, नाय पोरी, तो तपासनीस हाय. त्यानं इचारून ओके दिल्याबिगर आपन माल हलवत नाय. तो करेल फोन. आज ना उद्या करेल. दर शुक्रवारी मला विचारायचे, आला काय त्याचा फोन? मी नाही म्हटलं की म्हणायचे, बरं, पुढच्या शनिवारी ठेव. तीन शनिवार जागा ठेवली काका, खरंच. दुपारपर्यंत ठेवायचे, मग दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे.” ती थांबली. “या शनिवारी पण आहे. धरू का?”

चुलीपाशी कपबश्या वाजल्या. श्रीरंगने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ते गेले, बाळ,” तो म्हणाला. “दोन तारखेला.”

मग कार्मिन हळूच म्हणाली, “मला वाटलं, तुमचा फोन आला म्हणजे…” थोड्या वेळाने फोन बंद झाला.

श्रीरंगने कार्ड सुलटं केलं. अलिबागच्या ओळीसमोर त्याचं स्वतःचं ओके होतं, ठळक, सरळ रेषेत, खाली सही. डावीकडे कारागिराच्या सहीची चौकट कोरी होती. सहाही ओळींत कोरी. भोईरने एकाही ओळीत सही केली नव्हती. पाच नंबरला, त्या क्लचच्या दांड्यासमोर तेवढी होती.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला नुसतं ऐकू येत होतं, एक फोन लाव, साळवी, बाकीचं राहू दे. भोईरला सगळं कळलं होतं. तरी त्याने आपल्याला तोंडावर खोटं पाडलं नाही. त्या वेळी ट्रे आपण परत पाठवला होता, या वेळी त्याने; आणि आपण तो दुरुस्त करून आणू याची वाट बघत तो समोर उभा राहिला होता, आठवडे न् आठवडे, छातीवर ते कार्ड ठेवून. आणि आपण काय केलं? मनोरमाला ताप आणला.

त्याने खिशातून पेन काढलं. ते अलिबागचं ओके आधी खोडायचं, मग बाकीची पाच. चुकलेला माल लाल करून बाजूला काढतात, हे त्याला झोपेतही येत होतं. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि टोक कागदावर टेकवलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. ट्रे खाली ठेवला आणि त्याच्यासमोर ओट्याच्या पायरीवर बसल्या. पंधरा दिवसांत त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

“लागला नंबर? कोनाचा होता?”

श्रीरंगने त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर येताना ज्यांनी भिंत धरली होती तेच हात आता मांडीवर पडले होते, काही काम नसल्यासारखे.

“चुकीचा होता, वहिनी. राँग नंबर.”

“मला वाटलंच. त्याला धड दिसत बी नव्हतं अलीकडं.” त्या येझदीकडे बघत राहिल्या. “एक सांगू, भावजी? सगली मला म्हनतात, मानसाची हौस राहिली. राहिली तर राहिली. तुमी त्याला अडवून धरलात ते बरं केलंत. आपल्या मानसांत गेला. तिकडं कुठं रस्त्यात काय झालं असतं, तर मी सवताला कवाच माफ केलं नसतं. तुमाला बोलले ना मी तवा, तेच बरं झालं. नाय काय?”

त्या उत्तराची वाट बघत होत्या. नुसतं बोलायचं म्हणून त्या विचारत नव्हत्या, हे त्याला दिसत होतं. त्यांना कोणीतरी हो म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणू शकेल असा एकच माणूस आता उरला होता.

“बरं झालं, वहिनी,” श्रीरंग म्हणाला. “तुमचं बरोबरच होतं.”

त्याने पेनाला टोपण लावलं. ओके जसं होतं तसं राहिलं. कार्ड पिशवीत घालून त्याने वरच्या खिशात ठेवलं आणि कप उचलला. काठोकाठ भरलेला होता. माळ्यावरचे मोठे पेलेही खाली आले असतील, असं त्याच्या मनात आलं.

“साखर बरोबर हाय ना?” वहिनींनी विचारलं.

त्याने अजून कप तोंडाला लावला नव्हता.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.